यलो टँग म्हणून दाखवलेला हा मासा नक्की कोणता? चार फुटी टाकीत जगेल का?

कृष्णाकाठचा_सुमित (सांगली)

नमस्कार मंडळी. मी गावभागातला. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळलेत, खाऱ्या पाण्यात मात्र नवखा आहे. टाकी चार बाय दीड बाय दीड, काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. चालू करून दोनेक महिने झाले. आत दोन क्लाऊन मासे, थोडे दगड आणि वाळू. टाकी दुसऱ्या मजल्यावर आहे, कारण २०१९ च्या महापुरानंतर तळमजल्यावर पाण्याचं काहीही ठेवायचं नाही असं आईचं फर्मान आहे. नदी एकदा घरात येऊन गेली तेवढी पुरे, म्हणते.

आता मुद्दा. पुण्यातल्या एका दुकानात हा मासा बघितला. दुकानदार म्हणाला, यलो टँग, सर्जनफिश कुळातला, सहा हजार, आजच्या आज घेतला तर साडेपाच. बोटाएवढा, पिवळाधमक, सारखा काचेला तोंड लावत होता. फोटो जोडलाय, दुसरा माझ्या टाकीचा. नेटवरच्या यलो टँगच्या फोटोशी ताडून बघितला तर तोंड वेगळं वाटतंय, आणि अंगावर बारीक फिकट ठिपके आहेत. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, लहान आहे, मोठा झाला की जातील.

हा खरंच यलो टँग आहे का? नसेल तर कोण, राहतो कुठं, आणि माझ्याकडं जगेल का? जाणकारांनी सांगा. इसार दिलेला नाही अजून.

मिरजेचा_पाव्हणा

सर्जनफिश? मिरजेत सर्जन कमी पडले म्हणून आता टाकीत पण ठेवायचा होय रं? फोटो झकास आलाय. मला त्यातलं काय कळत नाही, पण सहा हजारात आमच्याकडं शेरडू येतं, आणि ते उसाचं वाडंसुद्धा खातं.

कवरत्तीरिटर्न_सातारा

सुमितभाऊ, इसार देऊ नका. हा यलो टँग नाही.

फोटोत शेपटीच्या बुडाशी बघा. सर्जन कुळातल्या बहुतेक माशांना तिथं दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो. एरवी खाचेत मिटलेला, चिडला की बाहेर. यलो टँगचा तो काटा पांढराशुभ्र असतो, पिवळ्या अंगावर लांबूनही उठून दिसतो. तुमच्या माशाचा काटा तसा पांढरा उठून दिसत नाही. यलो टँगचं तोंड नळीसारखं पुढं निघालेलं असतं आणि पाठीवरचा पर शिडासारखा उंच. तुमच्या माशाचं तोंड बसकं आहे, ओठ जाडसर, पर बेताचा. आणि ठिपके मोठेपणी जातील हे तर उलटंच सांगितलंय तुम्हाला. ते आता यायला लागलेत. जाणार आहे तो पिवळा रंग.

माझ्या मते हा टेनोकीटस ट्रंकेटस. इंग्रजीत त्याला ब्रिसलटूथ म्हणतात, व्यापारात गोल्ड रिंग. लहानपणी पिवळा, वाढला की तपकिरी, अंगभर बारीक ठिपके, डोळ्याभोवती सोनेरी कडं आणि शेपटी कात्रीनं सरळ कापल्यासारखी. सर्जन माशांत हा बुटकाच, फार तर सोळा सेंटिमीटरचा. २००१ पर्यंत त्याला स्वतंत्र नावसुद्धा नव्हतं, हवाईतल्या त्याच्या भावकीतलाच एक समजून चालायचे. त्या वर्षी जॉन रँडल आणि केंडल क्लेमेंट्स या दोन मत्स्यतज्ज्ञांनी हा सगळा टेनोकीटस गट पुन्हा तपासला आणि हा वेगळा काढला. राहतो फक्त आपल्या हिंदी महासागरात, पूर्व आफ्रिकेपासून सेशेल्स, मालदीव, पुढं अंदमान आणि कोकोस-कीलिंगपर्यंत. प्रवाळाच्या उथळ भागात, वीस मीटरच्या आतबाहेर.

खरा यलो टँग मुख्यत्वे हवाईचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर शोभेच्या माशांची पकड आक्रसत गेली, आणि मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथून बहुतेक माल यायचा, तिथं ती त्या निकालापाठोपाठच थांबली. २०१५ मध्ये हवाईतच त्याची पिल्लं पहिल्यांदा टाकीत वाढवली गेली, त्यामुळं आता बाजारात येतात ती बरीचशी तशी वाढवलेली, आणि त्यांचा भाव ऐकून माणूस खाली बसतो. साडेपाच हजारात, वर आजच्या आज, तो मिळणार नाही.

आता मला हे कुठून कळलं ते सांगते, नाहीतर म्हणाल साताऱ्यात बसून ही बाई समुद्राच्या गप्पा मारतेय. आमचे हे तटरक्षक दलात. आमच्या गावात घरटी एक फौजी, पण बहुतेक सगळे डोंगराकडं नाहीतर वाळवंटात. आमच्या वाट्याला लक्षद्वीप आलं, कवरत्तीला. बेट एवढंसं की सकाळी भाजी आणायला निघालं तर दुसऱ्या किनाऱ्याला पोचतो. ह्यांची ड्यूटी, मुलगा शाळेत, आणि पश्चिमेला समोर ते लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्यानं अडवलेलं उथळ पाणी. पोहायला मी गावच्या विहिरीत शिकलेली, पाठीला वाळका भोपळा बांधून. विहिरीत तळ दिसत नाही म्हणून भीती, तिथं तळ दिसतो म्हणून भीती. शेजारच्या बाईंनी मास्क दिला आणि मग मी काही ऐकेना. दुपारी जेवणं आटपली की पाण्यात.

तिथं सर्जन मासे इतके की चिमण्यांसारखं त्यांच्याकडं लक्ष जात नाही लोकांचं. पावडर ब्लू म्हणतात तो निळा, काळ्या तोंडाचा, पांढऱ्या गळ्याचा, पाठीवर पिवळा पर. नुसता बघत बसावा असा. कैदी म्हणतात तो फिकट, अंगावर काळ्या उभ्या पट्ट्या, थव्यानं फिरणारा. आणि लाटा फुटतात त्या कडेला निळ्या-पिवळ्या आडव्या रेघांचा एक असतो, तो तर बांधावरून भांडणाऱ्या शेतकऱ्याच्या वरताण. दगडाचा एक तुकडा धरून बसतो, त्यावरचं शेवाळ माझं, दुसऱ्यानं तोंड लावायचं नाही. एकटादुकटा मासा आला की अंगावर जातो. मग कैद्यांचा थवा येतो. पाच-पंचवीस नाही, शेकड्यानं. हा एकाला हाकलतो तोवर वीस जण मागं चरून घेतात. हा गोल गोल फिरून दमतो आणि थवा आपला निवांत पुढच्याच्या रानात. मी हे तासन्‌तास बघितलंय. पाठ भाजून निघायची.

या सगळ्या गोंधळात एक काळपट तपकिरी मासा शांतपणे स्वतःचं काम करत असायचा. तो तुमच्या माशाचा सख्खा चुलतभाऊ, टेनोकीटस स्ट्रायेटस. जरा मोठा, अंगावर बारीक रेघा. दिसायला काहीच नाही, म्हणून सुरुवातीला मीही त्याच्याकडं बघत नव्हते. पण त्याचं खाणं बघा. बाकीचे शेवाळ दातांनी तोडतात. हा तोडत नाही. त्याचे दात म्हणजे बारीक, लवचिक, वाकलेल्या टोकांची रांग असते. तोंड भलंमोठं उघडून दगडाला लावतो, झटकन मिटतो, आणि दगडावरची साय तेवढी उचलतो. त्या सायीत काय असतं? डायटम म्हणजे काचेच्या कवचाचे एकपेशी जीव, जिवाणू, इतर माशांची विष्ठा, कुजलेलं काहीबाही, आणि रेती. ती रेतीसुद्धा पोटात जाते. म्हणून त्याच्या जठराची भिंत जाड, कोंबडीच्या पेटासारखी. खाल्लेलं दळून काढायला.

तुमचा पिवळा याच जातकुळीचा. दुकानात तो काचेला तोंड लावत होता म्हणालात ना, ते लाडात येऊन नाही. तो काचेवरची साय शोधत होता. आणि दुकानाची काच रोज पुसलेली.

म्हणजे तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तो जिथं राहतो तिथं दगड वर्षानुवर्षं मुरलेला असतो, वर सतत नवी साय धरते, आणि तो दिवसभर, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, ती टिपत फिरतो. दिवसातून दोनदा चिमूटभर दाणे टाकून त्याचं भागत नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत टाकी दिसतेय. काच लख्ख, दगड पांढरे. माणसाला बघायला छान, त्याला उपाशी मारायला पण छान. असे मासे बरेचदा पाठीवर सुकत जातात, पोट आत जातं, आणि मालक म्हणतो काल तर फिरत होता.

जाता जाता दोन गोष्टी. एक, हा खायचा मासा नाही हे पाव्हण्यांना सांगते. ताहितीत त्या स्ट्रायेटसला मायतो म्हणतात. काही ठिकाणच्या सायीत गँबिअरडिस्कस नावाचा एक विषारी सूक्ष्मजीव असतो. तो याच्या पोटात, याला खाणाऱ्या मोठ्या माशात, आणि तिथून माणसात. त्या विषबाधेला सिगुआटेरा म्हणतात. मायटोटॉक्सिन हे जबरदस्त विष पहिल्यांदा या मायतोतूनच वेगळं काढलं गेलं. शिजवून ते विष जात नाही.

दुसरी, तुमच्या टाकीच्या फोटोत मागं कोपऱ्यात पांढरं, शिंगासारखं फांद्यांचं काहीतरी आहे. ते सिरॅमिकचं असेल तर उत्तम. खरं प्रवाळ असेल तर ज्यानं विकलं त्याला परत करा. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेलं असलं तरी. लक्षद्वीपचं प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये पाणी तापून पांढरं पडलं. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजतं, नव्या प्रवाळाच्या पिल्लाला बूड टेकायला जागा राहत नाही. ती जागा साफ ठेवणारे हेच चरणारे मासे. तिथले लोक परंपरेनं गळाकाठीनं बाहेरच्या समुद्रातली ट्यूना धरतात, प्रवाळावरच्या माशांवर त्यांचा डोळा कमी, म्हणून हे अजून थव्यानं आहेत. आपल्याकडं मालवणला, सिंधुदुर्गाच्या आसपासही प्रवाळ आहे, पण पावसाळ्यात ते पाणी इतकं गढूळ होतं की कवरत्तीची मजा तिथं नाही.

खारंपाणी_जयसिंगपूर

ताईंनी माशाचं सगळं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. ताई, एक नंबर लिहिलंय.

सुमित, पाणी कुठलं वापरतोस? बोअरचं असेल तर आधी थांब. आपल्या उसाच्या पट्ट्यात बोअरला क्षार आणि नायट्रेट दोन्ही. जमीन क्षारपड होऊन पांढरी पडली म्हणून तो काही समुद्र होत नाही, ते क्षार वेगळे. नळाच्या पाण्यात क्लोरीन. आरओचंच पाणी घे, पण पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळतात, ती नळी काढून. मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याच्या जवळ आला पाहिजे. त्यात समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम. तुझ्या टाकीला दगड-वाळू वजा जाता सात-आठ किलो लागेल. घनता १.०२५ च्या आसपास ठेव, आणि बाष्पीभवन झालं की वरून साधं आरओ घाल, खारं नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. नवी मंडळी इथंच गंडतात.

तापमान २५-२६. सांगलीत एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या मजल्यावर टाकीचं पाणी ३२ ला सहज जातं. पाणी थंड करणारा चिलर परवडत नसेल तर निदान पंखे लाव, पाण्याच्या पृष्ठभागावर आडवे. आणि वीज. दिवे गेले तरी चालतंय, पंप बंद पडला तर नाही. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो आणि सर्जन मासा सारखा पोहणारा. पाणी ढवळणारा एक वेव्हमेकर पंप इन्व्हर्टरवर ठेव, घरातला टीव्ही नंतर.

रोगाचं म्हणशील तर या कुळाला पांढरे ठिपके पटकन धरतात. क्रिप्टोकॅरियॉन म्हणतात त्याला, गोड्या पाण्यातल्या इक नावाच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगापेक्षा वेगळं. औषध तांब्याचं, आणि तांबं मुख्य टाकीत घातलं की गोगलगायी, शिंपले, कोळंबी सगळं संपलं. म्हणून आधी वेगळ्या टाकीत महिनाभर. त्याचे स्वतःचे ठिपके असले म्हणून गाफील राहू नको, रोगाचे ठिपके रव्याच्या कणासारखे उठलेले असतात आणि परांवर पण येतात.

जाळीनं धरू नको. शेपटीचा काटा जाळीत अडकतो, मासा फाटतो नाहीतर तुझं बोट. प्लॅस्टिकची बरणी पाण्यात आडवी धर, हळू आत ढकल.

कृष्णाकाठचा_सुमित (सांगली)

ताई, दादा, खूप आभार. ते पांढरं शिंग रेझिनचं आहे, खाली शिक्का आहे, आत्ताच बघितलं.

दुकानात फोन लावला. यलो टँग नाही म्हणल्यावर म्हणाला, साहेब टँगच आहे की, आणि पिवळाच आहे! मग चार हजारावर आला. पाणी आरओचंच आहे, पण पिण्याच्या मशीनचं, ती चवीची नळी आज काढतो.

समजा आज न घेता थांबलो, तर किती थांबू? काच पुसणं बंद करू का? आईला चालणार नाही, पण सांगून बघतो. नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पानं क्लिपला लावून दिली तर खाईल का? आणि पुढं जाऊन दोन ठेवता येतील का, एकट्याला करमणार नाही असं बायको म्हणते.

कवरत्तीरिटर्न_सातारा

समोरची काच पुसा, आईंना समोरूनच दिसते. मागची आणि दोन्ही बाजूंची सोडून द्या. आधी तपकिरी थर येईल, तो डायटमचा, त्याला घाण समजून खरवडू नका. हळूहळू हिरवं धरेल. दगड सगळीकडून रंग बदलून पांढऱ्याचे जांभळट-हिरवे व्हायला लागले की समजा जागा राहण्याजोगी होतेय. दोन महिन्यांच्या टाकीत तसं होत नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. तो मासा तोवर विकला जाईल, दुसरा येईल.

नोरी यलो टँग आवडीनं फाडून खातो, याला तोडायचे दातच नाहीत. पान भिजून लिबलिबीत झालं तर कडा चाटेल. त्यापेक्षा शेवाळाचे बारीक बुडणारे दाणे, किंवा जेलीसारखा खाऊ मिळतो तो चपट्या दगडावर पातळ फासून थिजवून आत ठेवा. त्याला खाली मान घालून खरवडायला मिळालं पाहिजे. खातोय की नाही ते काचेवर कळतं. हिरव्या काचेवर ओठांचे गोल गोल ठसे उमटलेले दिसले तर खातोय.

दोन नकोत. अडीचशे लिटरमध्ये दोन सर्जन म्हणजे रोज काटा बाहेर. करमण्याचं म्हणाल तर तुमचे क्लाऊन आहेत की सोबतीला. आणि वहिनींना आधीच सांगून ठेवा की हा पिवळा राहणार नाही, वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होईल. रंगासाठी घ्यायचा असेल तर घेऊच नका. मला विचाराल तर तो तपकिरी झाल्यावरच बघण्यासारखा होतो, पण हे सगळ्यांना पटत नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही, ते पावडर ब्लूवाले.

मिरजेचा_पाव्हणा

म्हणजे सहा हजार द्यायचे, वर्षभर काच पुसायची नाही, आणि शेवटी मासा तपकिरी. ताई, आमच्या विहिरीत मरळ आहे, तपकिरीच आहे, फुकट देतो.

खारंपाणी_जयसिंगपूर

पाव्हण्या, मरळ त्याचे क्लाऊन पण फुकटात खाईल.

सुमित, वर्षभराचं थोडं कमी करता येईल. माझ्या जुन्या टाकीतले तीन-चार दगड देतो, चांगले मुरलेत, जिवाणू, साय सगळं त्यावर आहे. ते घातलेस की तुझे बाकीचे दगड पण लवकर धरतील. प्रवाळाचे नाहीत, सिरॅमिकचे आहेत, काळजी करू नको. फक्त ते ओले राहिले पाहिजेत आणि माझ्याच टाकीच्या पाण्यात न्यायचे, वाटेत नळाचं पाणी घालू नको. शनिवारी दुपारनंतर मी घरी आहे. घट्ट झाकणाची बादली आण. मागं एक जण पिशवी घेऊन आला होता, अंकलीच्या पुलापर्यंत पण नाही पोचला आणि गाडीची सीट खारट.